एका झटक्यात सुटणारी गाठ

पाइपलाइनच्या कामावरची माणसं भिंतीला खिळा ठोकत नाहीत. पत्र्याच्या खोलीत ठोकणार तरी कुठे, हा एक भाग झाला. पण पुढेमागे पक्क्या भिंती नशिबी आल्या तरी हात धजावत नाही. पाइप पुढे सरकला की वसाहत पुढे सरकते, वसाहत सरकली की घर, आणि खिळा तेवढा मागे राहतो. म्हणून त्यांच्या प्रत्येक घरात एक दोरी असते. नव्या खोलीत सामान उतरलं की स्टो पेटायच्या आधी दोरी बांधायची. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या बिजागरीला. तिच्यावर कपडे, दप्तरं, टॉवेल, आरसा, सगळा संसार. आणि गाठ अशी मारायची की निघताना टोक ओढलं की एका झटक्यात सुटली पाहिजे.

बारकीच्या दोन खोल्यांच्या घरात अशी दोरी अजून होती. बारकी आता चाळिशी ओलांडलेली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी कारागीर. घर तिच्या नावावर होतं. पण दादासाठी ती अजून बारकीच होती आणि आईसाठी हे घर अजून मुक्कामच होतं. बारकीने हौसेने लाकडी कपाट घेतलं तेव्हा आईने त्याला बाहेरून फडकं मारलं, आतून कागद अंथरला आणि ते रिकामंच ठेवलं. "उद्या उचलायचं झालं तर?"

"कुठे उचलायचंय, आई? घर आपलं आहे."

"असू दे गं. कपडे दोरीवर दिसतात तरी."

शेवटपर्यंत आईचे कपडे दोरीवर राहिले. ती जाऊन महिना होत आला होता. बारकीने बाकीचं सगळं आवरलं, पण दोरीवरची करडी शाल काही तिच्या हाताने उतरेना.

आईच्या आजारपणात दादा आणि वहिनी आले होते ते अजून इथेच होते. दादा बाबांसारखाच पाइपलाइनवर वेल्डर. वहिनी तिथल्याच भटारखान्यात स्वयंपाक करायची. दादाची रजा संपत आली होती. रविवारच्या बसने निघायचं होतं. प्रश्न होता तो किती जणांनी.

कारण मुंगी. मुंगी ही दादाची मुलगी, नऊ वर्षांची. सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे करायची, म्हणून हे नाव पडलं. चार शाळा बदलून झाल्यावर आजीने स्वतः जाऊन तिला वसाहतीतून उचलून आणलं होतं. "पोरीला एका जागी बसू दे जरा," एवढंच म्हणाली होती. जन्मात भिंतीला खिळा न ठोकलेल्या बाईच्या तोंडून हे आलं म्हणून दादाला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं मुंगी इथे.

"मुंगीला नेतो," दादा म्हणाला. समोर टेबल असूनही त्याने चहाचा कप जमिनीवर ठेवला. "आई होती तोवर गोष्ट वेगळी होती. आता तू दिवसभर दुकानात. पोर शाळेतून येऊन कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

"मालकांशी बोललेय मी. दुपारी घरी येईन, संध्याकाळी परत जाईन."

"आणि मालक हो म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे नाही. मुकादमांच्या हाताखाली जन्म काढलाय मी, मला नको शिकवूस."

"दादा, ही तिची पाचवी शाळा आहे. पहिली अशी, की जिथे नळ कुठेय ते तिला विचारावं लागत नाही."

"आपण नाही शिकलो अशा शाळांतून? मेलो का?"

"मेलो नाही. समजूतदार झालो."

दादाला यातली खोच कळली नाही, किंवा त्याने ती कळून घेतली नाही. ओट्यापाशी भांडी पुसणारी वहिनी मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमचं पटतं मला. पण माझीपण पोर आहे ती. सबंध वसाहतीला पोटभर वाढते मी, आणि माझी पोर काय जेवली ते फोनवर विचारते."

बारकीला ज्याचं उत्तर नसे अशा गोष्टींचा फार राग यायचा. तिने कपबश्या उगाच जोरात उचलल्या.

मुंगी आतून दप्तर पाठीला लावूनच बाहेर आली. कुठवर ऐकलं होतं कोण जाणे.

"काय गं, तुला काय वाटतं?" दादाने विचारलं.

"मला चालेल."

"काय चालेल?"

"काहीपण."

"बघ," दादा कौतुकाने म्हणाला, "कशी समजूतदार पोर आहे."

बारकीच्या डोक्यात तिडीक गेली. हा शब्द तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. प्रत्येक नव्या शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवायचे आणि प्रत्येक शाळेतल्या बाई बाबांना तेच सांगायच्या: मुलगी फार समजूतदार आहे हो, कसला म्हणून त्रास नाही. त्रास कशाला होईल? जाणाऱ्या मुलाला भांडण परवडत नाही. ते हट्ट करत नाही, आवडतं-नावडतं सांगत नाही, खेळात राज्य आलं तर घेतं आणि गेलं तर देतं. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची सवय बारकीला तेव्हा लागली. शेवटापर्यंत मुक्काम टिकेल याचा काय भरवसा! वाचायचं वेड लागलं ते त्याच काळात, पण अजूनही, आपल्या घरात आपल्या दिव्याखाली बसून, ती पुस्तक शेवटापासून उघडायची.

शाळेच्या वाटेवर तिने मुंगीचा हात धरला. "मला खरं सांग. तुला काय हवंय?"

"तुला काय हवंय, आत्या?"

"मी तुला विचारतेय."

"हो, पण तू आधी सांगितलंस तर मला तेच सांगता येईल."

तिला गदगदा हलवावं असं बारकीला वाटलं. मुंगी मात्र शांतपणे चालत होती, पाठीवरचं फुगलेलं दप्तर सावरत. त्या दप्तरात पुस्तकांबरोबर टूथब्रश आणि एक फ्रॉक असायचा. पूर्वी एकदा ती शाळेत असतानाच वसाहत हलली होती आणि दादाने तिला फाटकावरूनच परस्पर ट्रकमध्ये घातलं होतं. तेव्हापासून टूथब्रश दप्तरात. दोन वर्षांत बारकीने तो कितीदा तरी बाहेर काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत पुन्हा आत.

*

शुक्रवारी बारकीने आईचा फोटो चौकटीत बसवून आणला. चौकटवाल्याकडे त्या मापाची फक्त एक गोल चौकट शिल्लक होती. घरी येताना तिने वरच्या मजल्यावरून हातोडी मागून आणली.

"हे काय?" दादा उठून उभाच राहिला. "खिळा ठोकणार?"

"नाही, आरती ओवाळणार. खिळाच ठोकणार."

"अगं, भिंत खराब होईल."

"माझी भिंत आहे."

"आईला आवडलं नसतं."

"आईला कपाटही आवडलं नव्हतं," बारकी म्हणाली आणि तिने घाव घातला. पहिला घाव बोटाच्या नखावर बसला, दुसरा खिळ्यावर. भिंतीत खिळा जाताना होणारा आवाज दादाने दात आवळून ऐकला, जणू त्याचाच दात उपटला जात होता. फोटो टांगला गेल्यावर मात्र तो बराच वेळ त्याच्यापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. फोटो तुला. दोरी मी नेतो. बाबांची आहे ती, आणि मला तिथे लागेल."

"ने." बारकीने नख तोंडात धरलं होतं.

तेवढ्यात मुंगी शाळेतून आली. दारात बसून बूट काढले, जोडीने भिंतीशी लावले, उभी राहिली आणि समोर बघून पाहुण्यांच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "घड्याळ छान आहे, आत्या."

त्या भिंतीवर घड्याळ लावायचं, असं बारकी कित्येक महिने म्हणत होती हे खरं.

आधी दादा हसला. "आजीला घड्याळ म्हणतेस? ऐकलं असतं तर कान पिळला असता तिने!" वहिनी हसली. मग मुंगी हसली, सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा. ती नेहमीच असं मागून हसायची आणि सगळे म्हणायचे, लाजाळू आहे.

बारकी हसली नाही. तिच्या हातात अजून हातोडी होती.

"मुंगे, तिथूनच सांग. फोटोत आजीने कुठली शाल घेतलीय?"

"करडी."

बरोबर होतं. पण आजीकडे दुसरी शाल नव्हतीच.

"आणि हात कुठे ठेवलेत?"

मुंगीने एक पाऊल पुढे टाकलं.

"तिथूनच."

"मांडीवर?" मुंगी म्हणाली. विचारल्यासारखी.

फोटो खांद्यापर्यंतचा होता.

वहिनीने हातातला टॉवेल तोंडाशी धरला. दादा एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे बघत राहिला. बारकी मात्र भडकली. रोज शेकड्याने लोकांचे चष्मे हाताखालून जाणारी बाई ती. "अगं पण मी तुला दुकानात तपासलं होतं! तक्ता घडाघडा वाचलास की तू, खालच्या ओळीपर्यंत!"

"तो मला पाठ आहे."

"पाठ?"

"शनिवारी मी दुकानात बसते ना. गिऱ्हाइकं मोठ्याने वाचतात."

"आणि शाळेत तपासणी झाली ती?" दादाने विचारलं.

"शाळेत मी रांगेत शेवटची होते," मुंगी म्हणाली. मोठ्या माणसांना साधी गोष्ट कळत नाही याची तिला कीव आल्यासारखी वाटली. "तोवर सगळ्यांचं ऐकून झालं होतं."

"मग फळ्यावरचं कसं लिहितेस?"

"शेजारच्या वहीत बघून. ती बघू देते."

"पण सांगितलं का नाहीस कुणाला? दिसत नाही म्हणून?"

मुंगीने सगळ्यांकडे पाहिलं. कुणाला राग आलाय आणि कुणाला नाही याचा अंदाज घेतल्यासारखं. "मला वाटलं, नवीन जागी असंच असतं. पहिल्यांदा नीट दिसत नाही. मग सवय झाली की दिसायला लागतं."

"अगं, दोन वर्षं झाली इथे येऊन!"

"हो ना," मुंगी म्हणाली. "यावेळी जरा जास्तच वेळ लागला."

मग मोठ्यांचं भांडण जुंपलं. दादाचं म्हणणं, पोर दिली तेव्हा डोळे धड होते. बारकीचं म्हणणं, धड होते हे बघितलं कुणी? वहिनीचं म्हणणं, आईंनी तरी लक्ष द्यायला हवं होतं, आणि आईचं नाव निघताच बारकी अशी काही फिरली की वहिनीने जीभ चावली. या सगळ्यात मुंगी दोरीपाशी जाऊन शालीची टोकं जुळवत बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भांडू नका. मला चालतं असं."

"चालत नाही!" बारकी ओरडली. "कळलं? असं चालत नसतं!"

*

शनिवारी सकाळी तिने मुंगीला दुकानात नेलं. डोळे तपासणारे काका मुंगीला ओळखत होते. ते नेहमीचा तक्ता लावायला गेले तेव्हा बारकी म्हणाली, "तो नको. तो आमच्या घराण्यात पाठ आहे. काट्यांचा लावा." वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तो तक्ता. तीन दातांचा काटा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवलेला, आणि त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे हात दाखवायचा. मुंगीने पहिल्या ओळीला हात दाखवला, दुसऱ्या ओळीला अडखळत दाखवला आणि तिसऱ्या ओळीला काकांच्या चेहऱ्याकडे वळून बघितलं. उत्तर तिथे लिहिलेलं असेल अशा आशेने.

"अगं बाई," काका हळूच म्हणाले. "ही आजवर रस्ता कशी ओलांडत होती?"

"कुणीतरी ओलांडेपर्यंत थांबायचं," मुंगी म्हणाली.

नंबर तीनला थोडा कमी निघाला, दोन्ही डोळ्यांना. आता चौकट निवडायची. बारकीने काउंटरवर लहान मुलांच्या सगळ्या चौकटी मांडल्या.

"कुठली हवी?"

"कुठलीपण चालेल."

"नाही चालणार. दुकान बंद होईपर्यंत बसते मी इथे. तू सांगितल्याशिवाय हलणार नाही."

मुंगीने आधी सगळ्यात जवळची उचलली. बारकीने ती काढून घेतली. मग मुंगीने सगळ्यात स्वस्त कुठली ते विचारलं. बारकीने नुसतं चौकटींकडे बोट दाखवलं. मग मुंगी खरोखरच बघायला लागली, एकेक चौकट नाकाशी धरून. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मालक आपल्या टेबलावरून बघत होते. शेवटी तिने एक लालभडक चौकट उचलली, इतकी भडक की ती दुकानात वर्षभर तशीच पडून होती. "ही."

"नक्की? तपकिरी बरी दिसेल तुला."

"ही," मुंगी म्हणाली, आणि चौकट मुठीत धरून ठेवली.

भिंगं बारकीने स्वतः घासली. चाकावर पाण्याची बारीक धार धरून कड फिरवायची, चौकटीच्या खाचेत लावून बघायचं, पुन्हा फिरवायची. इतक्या वर्षांचा हात. पण पहिलं भिंग बसवतानाच कडेला टवका उडाला. "घरचं काम आहे, हात हलणारच," मालक म्हणाले आणि त्यांनी दुसरं भिंग काढून दिलं. माणूस वाईट नव्हता. तो धागा पकडून तिने दुपारच्या सुट्टीचं पुन्हा विचारलं. "बघू की," मालक म्हणाले.

चष्मा लावून मुंगी रस्त्यावर आली आणि पायरीवरच थांबली. बारकी वाट बघत होती, आता ही काहीतरी बोलेल. मुंगी नुसती मान वळवून वळवून बघत होती. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी खिडकीत बसून कपडे शिवायची. तिने नेहमीसारखा हात हलवला.

"ती कुणाला हात करते?" मुंगीने विचारलं.

"तुला."

"मला? कधीपासून?"

"तू दुकानात यायला लागलीस तेव्हापासून. दर शनिवारी करते."

मुंगीचा चेहरा असा झाला की जणू तिला चोरी करताना पकडलं. "मी कधीच नाही केला परत," ती म्हणाली. मग तिने दोन्ही हात वर करून हलवले, जोरजोरात, उरलेली बाकी एका दमात फेडावी तसे.

*

घरी वहिनी बॅगा भरत होती. दोन भरल्या होत्या, तिसरी उघडी होती आणि तिच्यात मुंगीचे दोन फ्रॉक होते. हे बघून बारकी काही बोलणार, तोच वहिनीने मान वर केली आणि लाल चष्मा बघून म्हणाली, "अगं बया! ही कोण मास्तरीण आली?"

मुंगी हसली नाही. ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "हे काय लागलंय तुला?"

"कुठे?"

"इथे." तिने वहिनीच्या भुवईवर बोट ठेवलं. तिथून कानशिलापर्यंत कातडी चकचकीत, आक्रसलेली होती.

"ते होय? तेल उडालं होतं भटारखान्यात. जुनं आहे ते."

"कधी?"

"झालं की वर्ष."

"मी सुट्टीत आले होते तेव्हा होतं?"

"होतं."

"तू माझ्याजवळ झोपायचीस. तेव्हा होतं?"

"हो गं. अंधारात काय दिसणार? आणि एवढंसं काय सांगायचं?" वहिनी दादाकडे बघून कसनुशी हसली.

मुंगीने चष्मा काढला, आईकडे बघितलं. परत घातला, परत बघितलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला आईकडे राहायचंय."

दादाने बारकीकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याची चमक होती आणि ती लपवायचा प्रयत्नही होता. बारकी तिथेच खुर्चीवर बसली. हवं ते सांग म्हणून तीच मागे लागली होती. पोरीने सांगितलं. त्या क्षणी तिला कळलं की रिकाम्या कपाटात मुंगीचे कपडे कसे लावायचे हे तिने मनात ठरवूनही ठेवलं होतं. वरच्या कप्प्यात गणवेश, खाली फ्रॉक.

"चला," दादा म्हणाला, "ठरलं तर."

"आणि मला शाळा नाही बदलायची," मुंगी म्हणाली.

"म्हणजे?"

"हीच शाळा पाहिजे."

"अगं, दोन्ही कसं जमेल, बाळा? आई तिकडे, शाळा इकडे."

"मला नाही माहीत कसं. मला दोन्ही पाहिजे. आणि बाबापण पाहिजेत." आता तिचा आवाज चढला होता, आणि तो घरात कुणाच्याच ओळखीचा नव्हता. "आणि आजीपण."

मग दादा खाली वाकून समजावणीच्या सुरात म्हणाला, "असं काय करतेस? तू तर आमची समजूतदार..."

"नाहीये मी!" मुंगीने दप्तर ओढून जमिनीवर आपटलं. पुस्तकं बाहेर आली, फ्रॉक बाहेर आला, टूथब्रश घरंगळत कपाटाखाली गेला. "नाहीये! नाहीये!"

तिला कसं आवरावं हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला आवरायची वेळ आजवर आलीच नव्हती.

संध्याकाळभर तिघं बोलत बसले. त्या बोलण्यात कुणाचंच कुणाला पटलं नाही, फक्त एकेक जण दमत गेला. बारकी म्हणाली, दादा इथे काम बघ. दादा म्हणाला, इथे मोठ्या पाइपाचं वेल्डिंग कोण करून घेतं, नळ दुरुस्त करत फिरू का? बारकी म्हणाली, फीर. शेवटी वहिनी म्हणाली, "मी राहते. परीक्षा होईपर्यंत." भटारखान्यातली जागा मुकादम राखून ठेवणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि तिने ते बोलून दाखवलं नाही. दादाने बोलून दाखवलं. मग तो एकटा तिकडे डब्यावर कसा राहणार हेही बोलून दाखवलं. आणि मग मान खाली घालून म्हणाला, "बरं. परीक्षेपर्यंत. पुढचं पुढे बघू."

"बघू म्हणजे नाही," आतल्या खोलीतून मुंगीचा आवाज आला.

दादा आतल्या दाराकडे बघायला लागला. वाक्य त्याचंच होतं.

*

रविवारी दादाची एकच बॅग दाराशी होती. त्याने दोरीवरची शाल उतरवली, घडी घातली आणि बारकीच्या हातात दिली. मग जन्मभराच्या सवयीने खिडकीपाशी जाऊन दोरीचं टोक धरलं आणि झटका दिला.

दोरी हलली नाही.

त्याने पुन्हा ओढलं. मग वाकून बघितलं. बाबांच्या पद्धतीच्या गाठीवर दुसरी गाठ होती, तिच्यावर तिसरी, मग दोरी गजाला दोनदा गुंडाळून पुन्हा गाठ, आणि गाठींच्या फटीत ओलं करून दाबलेलं टोक. पाणी सुकून सगळं दगडासारखं झालं होतं.

"हे कुणी केलं?"

"मी," मुंगी म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"का?"

मुंगीने चष्मा नाकावर वर सरकवला.

दादाने नखांनी प्रयत्न केला, दातांनी केला. लोखंड वितळवणारा माणूस तो, पण नऊ वर्षांच्या मुलीने मारलेली गाठ त्याला सुटेना. "राहू दे ना," वहिनी म्हणाली. "मी बाजारातून दुसरी..."

"बाबांची आहे ती!" तो खेकसला. बस चुकणार होती. कपाळाला घाम होता. त्याने ओट्यावरची सुरी उचलली आणि दोरी मधोमध कापली. दाराकडची गाठ एका झटक्यात सुटली. आपला तुकडा मनगटाभोवती गुंडाळून त्याने बॅगेत कोंबला. उरलेला अर्धा खिडकीच्या गजाला लोंबत राहिला. तो आता कुठेच पोचत नव्हता.

"येतो," तो म्हणाला. "मुंगे, येतो हं."

मुंगी पाठ फिरवून आत गेली.

"ये गं, बाबांना अच्छा कर," हे बारकीच्या जिभेवर आलं होतं. शंभर मुक्कामांवर शंभरदा तिला कुणीतरी हेच म्हटलं होतं आणि तिने शंभरदा हसून हात हलवला होता. तिने ते गिळलं. दादा वाट बघत थांबला. मग म्हणाला, "अशी नव्हती ही."

"नव्हती," बारकी म्हणाली.

जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली. आतून मुंगी बाहेर आली, खिडकीपाशी गेली, गजांना तोंड लावून रस्त्याकडे बघत राहिली. दादा कोपऱ्यापर्यंत पोचला असेल.

"बाबा रडतायत," ती म्हणाली. सांगितल्यासारखं नाही, तक्रार केल्यासारखं.

"इतक्या लांबून काय दिसतंय," वहिनी म्हणाली, पण खिडकीशी आली नाही.

"मला दिसतंय."

वहिनी ओट्याकडे वळली आणि कोरडी भांडी पुन्हा पुसायला लागली. मुंगीने दोरीचा तुकडा ओढून बघितला. तो भिंतीच्या अर्ध्यावर येऊन संपत होता. "आत्या, आता ही पुरत नाही."

बारकीने शाल खुर्चीवर ठेवली. हातोडी अजून परत द्यायची राहिली होती. तिने दोरी ताणून भिंतीवर खूण केली, खिळा धरला आणि घाव घातला. गिलाव्याचा पोपडा निघून पायावर पडला आणि खिळा वाकला. तिने तो फेकून दिला आणि दुसरा घेतला.